फौज हिंगोलीत, पगार वऱ्हाडात : १८५३ च्या ‘कर्जवसुली’चा उलटा हिशेब

१/ मराठवाड्याच्या इतिहासावर समाजमाध्यमांत जे लिहिले जाते त्यात एक वाक्य ठरलेले असते : ‘निजामाने इंग्रजांचे कर्ज बुडवले, म्हणून इंग्रजांनी वऱ्हाड घेतला.’ वाक्य सुटसुटीत आहे, पाठ होण्याजोगे आहे. माझ्या मते ते इतिहासाच्या नावाखाली चाललेले धनकोचे वकीलपत्र आहे. १८५३ मध्ये घडले ती वसुली नव्हती. एका कर्जबाजारी संस्थेचा सर्वांत सुपीक तुकडा एका धनकोने तोडून आपल्या ताब्यात घेतला आणि बाकीच्या देणेकऱ्यांना उरलेल्या सांगाड्यापाशी उभे केले. आजच्या कंपनी व्यवहारात याला ‘डिमर्जर’ म्हणतात, मराठीत विलगीकरण. हा थ्रेड त्याबद्दल आहे, आणि त्याचे केंद्र हिंगोली आहे.

२/ आधी विलगीकरण समजून घेऊ. एका कंपनीकडे दोन उद्योग आहेत : एक दुभती गाय, दुसरा भाकड. दोन्हींच्या एकत्रित बळावर तिने कर्ज उभारले. एके दिवशी दुभता उद्योग वेगळ्या कंपनीत काढला आणि कर्ज जुन्या कंपनीत ठेवले. कर्जाच्या कागदावरचे एक अक्षरही बदललेले नाही. तरी तो कागद कालच्या किमतीचा राहिला नाही, कारण त्यामागची गाय दुसऱ्याच्या गोठ्यात गेली.

३/ यात भरडले जाणारे दोन वर्ग. पहिला धनकोंचा. त्यांना व्याज व मुद्दल हवे असते, नफ्यात वाटा नसतो. दुसरा अग्रहक्क भागधारकांचा. त्यांचा लाभांश ठरावीक, आणि तो सामान्य भागधारकांच्या आधी. पण ‘आधी’ म्हणजे धनकोंच्या नंतर, हे विसरू नये. विलगीकरणात सामान्य भागधारकाला बहुधा दोन्ही कंपन्यांचे भाग मिळतात; तुकडे कसेही पडले तरी त्याच्या पदरात दोन्ही. अग्रहक्कवाला आणि धनको मात्र ज्या तुकड्याशी बांधले गेले, त्याच्याशीच बुडतात किंवा तरतात.

४/ अमेरिकेतले प्रसिद्ध उदाहरण मॅरियट या हॉटेल कंपनीचे. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिने जाहीर केले की हॉटेले चालवण्याचा किफायतशीर व्यवसाय एका कंपनीत जाईल. इमारती, जमिनी आणि बहुतेक दीर्घ मुदतीचे कर्ज दुसरीत राहील. समभाग वर गेले, कर्जरोखे कोसळले, रोखेधारक न्यायालयात गेले. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात हा प्रसंग अजून शिकवतात. आपल्याकडे याहून मोठे विलगीकरण पैनगंगेच्या काठावर होऊन गेले, आणि आपण ते ‘कर्ज बुडवले, मुलूख गेला’ एवढ्यावर संपवतो.

५/ आता हिंगोली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतेकांना औंढा नागनाथामुळे आणि संत नामदेवांच्या नर्सीमुळे ठाऊक असतो. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीची ओळख वेगळी होती : ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची छावणी. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई), एलिचपूर आणि हिंगोली ही तिची ठाणी. नाव निजामाचे, पैसा निजामाचा. अधिकारी इंग्रज, आणि हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटचा.

६/ ही फौज आली कुठून? १८०० च्या तहात निजामाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी बल्लारी-कडप्पाकडचा प्रदेश कंपनीला कायमचा देऊन टाकला होता. म्हणजे तैनाती फौजेचे पैसे चुकते झाले होते. त्याच तहाच्या बाराव्या कलमात युद्धकाळी आपले ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ मदतीला पाठवण्याचे निजामाने कबूल केले होते. युद्धकाळी. रेसिडेंट हेन्री रसेलच्या कारकिर्दीत या कलमाच्या आधाराने इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या पलटणी उभ्या राहिल्या आणि युद्ध संपल्यावरही त्या उभ्याच राहिल्या. शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन निजामावर कोणत्याही तहाने नव्हते.

७/ हे मी निजामाच्या कैवाराने बोलत नाही. खुद्द लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या आपल्या टिपणात कबूल केले की या फौजेला तीस वर्षांच्या वहिवाटीपलीकडे आधार नाही. खर्च मात्र वर्षाला ४० लाखांच्या आसपास. कंटिंजंटमधल्या नेमणुकांवर कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या उड्या पडत, कारण पगार भरघोस आणि बिल दुसऱ्याचे.

८/ हा पगार महिन्याच्या महिन्याला द्यायचा तर रोकड हवी. हैदराबादच्या खजिन्यात ती नसे. इथे विल्यम पामर प्रवेश करतो. एका इंग्रज जनरलचा आणि फैज बख्श बेगमेचा हा मुलगा. त्याची पामर आणि कंपनी ही हैदराबादेतली पेढी. इंग्रज प्रजाजनांनी देशी राजांना सरकारी परवानगीशिवाय कर्ज देऊ नये असा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पामरला त्यातून सूट दिली. पेढीत सर विल्यम रम्बोल्ड भागीदार होता. त्याची बायको हेस्टिंग्जच्या देखरेखीत वाढलेली होती. एवढे सांगितले की पुरे.

९/ औरंगाबाद बाजूच्या फौजेला पामरने महिन्याला सुमारे दोन लाख द्यायचे आणि त्याबदल्यात निजामाने मुलखाचा वसूल लावून द्यायचा, अशी ही व्यवस्था. फौज कंपनीच्या सोयीची, सावकार कंपनीच्या मर्जीतला, ऋणको निजाम. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्याने हिशेब तपासले आणि त्याच वर्षीच्या ६० लाखांच्या कर्जात खरी रोकड किती आणि जुन्या बाकीचे फुगवलेले आकडे किती, असा प्रश्न केला. त्यासाठी त्याने गव्हर्नर जनरलचा रोषही पत्करला. इंग्रजांना सरसकट एकाच रंगात रंगवणाऱ्यांनी मेटकाफचा पत्रव्यवहार जरूर वाचावा.

१०/ शेवट असा झाला : उत्तर सरकार प्रांताच्या बदल्यात कंपनी निजामाला दरसाल सात लाखांची पेशकश देत असे. १८२३ मध्ये ती कायमची बंद करून तिचे एकरकमी मोल, १ कोटी १६ लाखांहून अधिक, ठरवले गेले आणि त्यातून पामरचे देणे भागवले. सात लाखांना साडेसोळा पट पडले; म्हणजे दर साधारण सहा टक्के. हा दर वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्रश्न क्रमाचा आहे. निजामाच्या दारात सावकार, अरब जमादार, पगार थकलेले शिलेदार अशी भली मोठी रांग उभी असताना राज्याचे एक कायमचे उत्पन्न तोडले गेले आणि ते सगळे एकाच धनकोच्या पदरात पडले. (त्यानंतरही १८२४ मध्ये पामरची पेढी बुडालीच!)

११/ वऱ्हाडचा क्रमही असाच लागला, आणि इथे आपली मुंबई येते. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेण्यास प्रारंभ केला. बैलांच्या पाठीवर, घाट उतरून. शेतकऱ्यांना त्यांनी आगाऊ रकमा दिल्या, खामगावला कापूस दाबण्याचे यंत्र बसवले. औरंगाबादच्या टांकसाळीत पडलेल्या नाण्यांना लोक ‘पेस्तनशाही’ म्हणत. नाणेसंग्राहकांच्या पेटीत ती अजून सापडतात.

१२/ दिवाण चंदुलालच्या काळात हैदराबाद दरबार सावकारांच्या आगाऊ रकमांवर जगत होता. वऱ्हाडचा मोठा भाग आधी पुरणमल सावकाराच्या इजाऱ्यात होता. १८३९ मध्ये त्याला हटवले गेले. पुढे पेस्तनजींच्या पेढीने राज्याला दिलेल्या पैशांच्या फेडीसाठी १८४१ मध्ये वऱ्हाडचा वसूल तिला लावून दिला गेला. साध्या भाषेत : वऱ्हाड पेस्तनजींकडे तारण होता. १८४३ मध्ये चंदुलालने दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचे राज्य सोडून राजीनामा दिला. १८४५ मध्ये पेस्तनजींना वऱ्हाडातून बळाने काढले. पैसे परत केले नाहीत. तारण तेवढे परत घेतले.

१३/ रेसिडेन्सीकडून त्यांना संरक्षण मिळाले नाही. पेढीने लंडनपर्यंत दाद मागितली, हाती काही आले नाही आणि मुंबईची ती मातबर पेढी मोडली. आता पुढचे पाऊल पाहा. ज्या मुलखावरचा खाजगी धनकोचा हक्क दरबाराने पायदळी तुडवला आणि कंपनीने जो तुडवू दिला, त्याच मुलखावर आठ वर्षांनी कंपनीने आपला हक्क ठोकला, आणि तो असा की त्यापुढे कोणाची मात्रा चालेना. पेस्तनजींचा वऱ्हाडावरचा दावा आधीचा होता. रांगेत मागून आलेला दांडगा माणूस आधी उभे असलेल्याला ढकलून देतो, तसा हा प्रकार.

१४/ १८५१ मध्ये कंपनीने कंटिंजंटच्या थकबाकीचा आकडा ७० लाखांच्या वर दाखवला. निजाम नासिरुद्दौलाने त्यातला मोठा हिस्सा भरला. पण खर्च चालूच असल्याने बाकी पुन्हा ४०-५० लाखांच्या घरात गेली. निजामाचीही उलट मागणी होती. सिकंदराबाद आणि जालना इथल्या छावण्यांचे अबकारी उत्पन्न कंपनी वर्षानुवर्षे स्वतः घेत होती. ते आपले, असे दरबार म्हणत होता. ती रक्कम वजा केली असती तर कर्जाचा फार मोठा भाग उरलाच नसता, असा युक्तिवाद पुढे वारंवार मांडला गेला. कोणताही गावचा सावकार जमाखर्च करताना दोन्ही बाजू मांडतो. इथे एकच बाजू मांडली गेली, कारण वही ज्याच्या हातात तोच धनको होता.

१५/ २१ मे १८५३. कर्नल लो रेसिडेंट, मसुदा डलहौसीचा. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्ग हा सुमारे ५० लाख ढोबळ उत्पन्नाचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. त्यातून ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने यांची फौज पोसायची, शिल्लक निजामाला द्यायची. तहानंतर आठवडाभरातच दिवाण सिराजुल्मुल्क वारला आणि चोविशीतला सालारजंग दिवाण झाला. त्याच्या वाट्याला काय आले? कापसाचा मुलूख गेलेला, आणि उरलेल्या राज्याच्या मानेवर अरब जमादार व सावकारांची देणी तशीच. त्यातल्या कित्येकांकडे तालुकेच्या तालुके गहाण पडले होते. ते एकेक करून सोडवण्यात त्याची पहिली वर्षे गेली.

१६/ नकाशा उघडा. वऱ्हाड आणि निजामशाही यांच्यातली हद्द दूरवर पैनगंगेने आखली होती. नदीच्या दक्षिणेला हिंगोलीत फौज, उत्तरेला वाशीम-पुसदकडे तिच्या पगाराचा मुलूख. हिंगोलीच्या बराकीत झोपणारा शिपाई निजामाच्या हद्दीत राहत होता, निजामाच्या नावाची फौज म्हणून ओळखला जात होता, आणि त्याचा पगार निजामाच्याच पण निजामाच्या हातात नसलेल्या जमिनीतून येत होता. विलगीकरणाचे इतके स्वच्छ चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

१७/ १८५७ मध्ये हैदराबाद कंपनीच्या बाजूने राहिले. बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० च्या तहाने रायचूर दोआब व नळदुर्ग परत मिळाले, शोरापूर मिळाले आणि ५० लाखांचे कर्ज रद्द झाले. इथे ‘कर्ज बुडवले’ म्हणणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. कर्ज रद्द झाले, तर तारण सुटायला हवे. वऱ्हाड सुटला नाही! आता तो फौजेच्या चालू खर्चासाठी ‘विश्वस्त’ म्हणून ठेवला गेला. त्याच तहात निजामाने त्या मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडला. शिल्लक द्यायची, पण ती किती हे धनको सांगेल तेच खरे. लगेच अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि तो सगळा काळ हिशेबाची वही बंद होती.

१८/ अग्रहक्क भागधारक कुठे आहेत, असे कोणी विचारील. ते लंडनमध्ये होते. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार संपवला आणि ६० लाख पौंडांच्या भांडवलावर भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश निश्चित करून दिला. म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड, भारताच्या महसुलातून. वर २० लाख पौंडांचा हमी निधी. त्या दिवसापासून हे भागधारक नफ्यातोट्याचे भागीदार उरले नाहीत. स्वभावाने ते अग्रहक्क भागधारक झाले.

१९/ १८५८ मध्ये सारा हिंदुस्थान कंपनीकडून राणीकडे गेला. जगाच्या इतिहासात एखाद्या कंपनीची मालमत्ता एवढ्या प्रमाणात काढून घेतली गेल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच असेल. भागधारक बुडाले? अजिबात नाही. त्यांचा लाभांश आणि कंपनीचे कर्जरोखे यांचा भार केवळ भारताच्या महसुलावर राहील, असे त्या कायद्यातच लिहिले गेले. १ जून १८७४ रोजी कंपनी विसर्जित झाली, तेव्हा दर १०० पौंडांच्या भागाला २०० पौंड हा मोबदल्याचा दर होता. चाळीस वर्षांचा लाभांश मोजला तर २ कोटी ५२ लाख पौंड, वर दुप्पट मुद्दल. मालमत्ता तोडली तरी हक्क कसा शाबूत राखता येतो, हे लंडनला पक्के ठाऊक होते. पेस्तनजींसाठी ते ज्ञान कोणाला आठवले नाही.

२०/ दोन आक्षेप येतील. पहिला : निजामाचा दरबार उधळ्या होता. होता. पेस्तनजींशी तो जसा वागला त्याला दरोडा म्हणायला मी कचरणार नाही, आणि ‘बिचाऱ्या निजामा’साठी अश्रू गाळणारे थ्रेडही मला तितकेच पोकळ वाटतात. पण ऋणको नालायक असला म्हणून एका धनकोला इतरांच्या आधी, स्वतःच्याच हिशेबाने, सर्वांत दुभती मालमत्ता उचलण्याचा हक्क मिळत नाही. दिवाळखोरीचे कायदे जगभर झाले ते याचसाठी. दुसरा आक्षेप : इंग्रजी अमलात वऱ्हाडला रस्ते आणि रेल्वे मिळाली. मिळाली. गहाण घेतलेल्या शेतात सावकाराने विहीर खणली म्हणून सातबारा त्याच्या नावे होत नसतो.

२१/ आज भारतात विलगीकरण करायचे तर कंपनी कायदा २०१३ ची कलमे २३० ते २३२ आडवी येतात. धनकोंच्या आणि भागधारकांच्या प्रत्येक वर्गाची स्वतंत्र सभा, मूल्याने तीन चतुर्थांशांची संमती, वर न्यायाधिकरणाची मंजुरी. प्रत्येक शब्दामागे एखादा पेस्तनजी उभा आहे असे मला वाटते. १९४७ च्या फाळणीतही हा प्रश्न आला होता. तेव्हा अविभाजित भारताच्या सार्वजनिक कर्जाची धनकोंपुढची संपूर्ण जबाबदारी भारताने घेतली. पाकिस्तानने आपला वाटा भारताला द्यायचा होता. तो ३०० कोटींचा आकडा भारताच्या अर्थसंकल्पीय कागदांत येणे म्हणून वर्षानुवर्षे छापला गेला. रोखेधारकाला मात्र दोन देशांच्या दारात हेलपाटे घालावे लागले नाहीत. मालमत्ता तोडूनही धनकोला उघड्यावर न टाकण्याचा मार्ग असतो, तो असा.

२२/ सालारजंगने १८६० नंतर वऱ्हाड परत मागण्यात उमेद खर्ची घातली. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख भांडवल ठेवण्याची तयारीही त्याने दाखवली. जिला रोख तारण देऊ केले तरी जमीन सोडायची नसते, त्या व्यवहाराला वसुली म्हणणाऱ्यांनी या एका प्रस्तावाचे उत्तर द्यावे.

२३/ ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या ठरावीक खंडाने कायमच्या पट्ट्यावर गेला. सुरुवातीला त्या खंडातूनही दुष्काळातल्या कर्जाचे हप्ते वळते होत राहिले. पुढच्याच वर्षी हैदराबाद कंटिंजंट ही स्वतंत्र फौज संपली. तिच्या पलटणी भारतीय सैन्यात मिसळल्या. आजच्या ‘डेक्कन हॉर्स’ रेजिमेंटची मुळे तिथे सापडतात. १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी मोडली. कर्ज १८६० मध्ये संपले होते, फौज आता संपली, आणि पैनगंगेपलीकडचा वसूल नागपूरच्या मध्य प्रांत सरकारकडे जाऊ लागला.